कॅमदंडाचे सॉलेनॉइड : दोषाची परीक्षा व बदलण्याची रीत

मोटारगाडी बिघडली म्हणजे तिचा मालक प्रथम विचारतो, "कोणता भाग बदलावा लागेल?" कारागिराने मात्र त्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावयास हवा : दोष त्याच भागात आहे, हे कशावरून? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सुट्या भागांच्या दुकानात मिळते. दुसऱ्याचे उत्तर निरीक्षण आणि प्रयोग यांखेरीज मिळत नाही.

प्रस्तुत पाठात आधुनिक पेट्रोल एंजिनातील एका लहान भागाच्या निमित्ताने या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. हा भाग म्हणजे कॅमदंडाची स्थिती बदलणाऱ्या यंत्रणेचे सॉलेनॉइड. गॅरेजमध्ये त्याला 'व्हीव्हीटी सॉलेनॉइड' किंवा 'ऑइल कंट्रोल व्हाल्व' म्हणतात. तो मुठीत सहज मावतो, आणि पुष्कळ गाड्यांत एक बोल्ट काढला की हाती येतो. म्हणूनच तो पुरेशी परीक्षा न करता बदलण्याचा मोह होतो. अशा वेळी पैसे तर वाया जातातच. शिवाय खरा दोष एंजिनात तसाच राहून पुढे मोठी हानी करू शकतो.

१. जबलपूरची जोंगा : एकदा ठरलेली वेळ

जबलपूर शहराला अवजड यंत्रकामाची जुनी परंपरा आहे. तोफगाडे तयार करणारा गन कॅरेज कारखाना येथे १९०४ साली स्थापन झाला, आणि १९६९ साली लष्करी वाहनांसाठी स्वतंत्र वाहन कारखाना उभा राहिला. २०२१ साली देशातील आयुध कारखान्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा हा वाहन कारखाना आर्मर्ड व्हेइकल्स निगम या सरकारी कंपनीकडे आला. जपानच्या निस्सान कंपनीच्या एका गाडीच्या आराखड्यावरून भारतीय सैन्यासाठी येथे तयार झालेली 'जोंगा' ही गाडी अनेक वाचकांनी पाहिली असेल. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिला हे नाव मिळाले.

जोंगाच्या पेट्रोल एंजिनास सहा सिलिंडर होते व त्याचे आकारमान सुमारे चार लिटर होते. त्यातील कॅमदंड खाली, एंजिनाच्या मुख्य ठोकळ्यात बसविलेला असे. त्यावरील उंचवटे, म्हणजे कॅम, उभे दांडे वर ढकलीत आणि ते दांडे माथ्यावरील झडपा उघडीत. कॅमदंड व भुजादंड (क्रँकशाफ्ट) यांचा परस्परसंबंध एंजिन जुळविताना कायमचा ठरे. गाडी चढावर सावकाश जात असो की सपाट रस्त्यावर धावत असो, झडपा भुजादंडाच्या त्याच कोनात उघडत व त्याच कोनात मिटत. अशा एंजिनात वेळ चुकविणारे विद्युत् यंत्रच नव्हते. पण वेळ सुधारणारेही काही नव्हते. ही उणीव समजण्यासाठी हवेच्या स्वभावाकडे थोडे पाहिले पाहिजे.

२. झडपांची वेळ बदलावी का लागते ?

चार धावांच्या एंजिनात चोषण, संपीडन, शक्ती व निष्कास या चार धावा भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत पुऱ्या होतात. तेवढ्यात प्रत्येक झडप एकदाच उघडावयाची असल्यामुळे कॅमदंड भुजादंडाच्या निम्म्या वेगाने फिरतो. दट्ट्याची एक धाव म्हणजे भुजादंडाची अर्धी फेरी. एंजिन मिनिटाला ८०० फेरे करीत असेल, तर एका धावेला ६० ÷ ८०० ÷ २ = ०·०३७५ सेकंद मिळतो. फेरे ४,००० झाले, म्हणजे तीच धाव ०·००७५ सेकंदात, अर्थात पाचपट लवकर, उरकावी लागते.

हवेला वजन आहे, म्हणून तिला जडत्वही आहे. एखाद्या सभागृहाचे उदाहरण घेऊ. लोकांचा लोंढा वेगाने आत येत असेल, तर घंटा झाल्यावरही दार क्षणभर उघडे ठेवल्याने आणखी काही जण आत येतात. लोक रेंगाळत येत असतील, तर त्याच उघड्या दारातून आत बसलेले बाहेर पडू लागतात. एंजिनाच्या चोषण झडपेचे असेच आहे. वेग अधिक असता ती उशिरा मिटणे हितकर, कारण दट्ट्या वर निघाला तरी हवेचा झोत आत येतच असतो. वेग कमी असता तोच उशीर बाधक ठरतो. आत घेतलेली हवा परत नळीत ढकलली जाते.

दुसरी गोष्ट झडपांच्या सामाईक उघडझापेची. निष्कास झडप पुरती मिटण्यापूर्वी चोषण झडप उघडू लागते. वेगात या सामाईक काळाचा लाभ होतो. एंजिन मंद चालत असता मात्र जळालेला वायू चोषण नळीकडे परततो, ताज्या मिश्रणात मिसळतो आणि एंजिन थडथडू लागते.

यावरून दिसेल की, एकच ठरावीक वेळ ही नेहमी तडजोडच असते. ही तडजोड टाळण्यासाठी चालत्या एंजिनातच वेळ बदलण्याचे उपाय अभियंते शोधीत होते. १९८० साली इटलीच्या आल्फा रोमिओ कंपनीने अशी यंत्रणा विक्रीच्या गाडीत बसविली. पुढे १९९० नंतरच्या काळात ती सर्वत्र पसरली. भारतात २०११ साली आलेल्या नव्या स्विफ्टच्या पेट्रोल एंजिनात ती होती, आणि आता सर्वसामान्य कुटुंबाच्या पेट्रोल गाडीतही ती आढळते. जोंगाच्या शहरातील कारागिरापुढे म्हणूनच आज निराळ्या प्रकारचे एंजिन येऊन उभे राहते.

३. तेलाच्या दाबाने होणारे काम

कॅमदंडाच्या टोकावर साखळीने किंवा पट्ट्याने फिरणारे दंतचक्र असते. जुन्या एंजिनात हे चक्र कॅमदंडाशी पक्के जखडलेले असे. नव्या यंत्रणेत चक्राच्या पोटात एक पोकळ पेटी असते व तिच्या आत पाती असलेला गाभा असतो. पेटी साखळीबरोबर फिरते; गाभा कॅमदंडाला जोडलेला असतो. प्रत्येक पात्याच्या दोन बाजूंस दोन कप्पे होतात. एका कप्प्यात दाबाचे तेल सोडले की कॅमदंड साखळीच्या मानाने थोडा पुढे सरकतो व झडपा लवकर उघडतात. दुसऱ्या कप्प्यात तेल सोडले की तो मागे हटतो व झडपा उशिरा उघडतात.

कोणत्या कप्प्यात तेल सोडावयाचे, हे ठरविणारी झडप म्हणजेच आपले सॉलेनॉइड. त्याचे दोन भाग असतात. वरच्या भागात तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून विद्युत् प्रवाह गेला की ते चुंबक बनते व आतील लोखंडी गाभ्याला ओढते. खालच्या भागात एका भोकाच्या नळीत सरकणारी खाचांची दांडी असते. गाभ्याने ढकलल्यावर ती दांडी तेलाची एक वाट उघडते व दुसरी बंद करते. प्रवाह थांबला की स्प्रिंग तिला मूळ जागी आणते.

एंजिनाचा नियंत्रक हा प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा चालू व बंद करतो. चालू काळाचे प्रमाण वाढविले की दांडी अधिक सरकते, घटविले की मागे येते. कॅमदंड खरोखर किती सरकला, हे एक संवेदक नियंत्रकास कळवितो. आज्ञा व प्रत्यक्ष स्थिती यांत फरक पडला की नियंत्रक आज्ञा सुधारतो. तरीही फरक राहिला, तर तो दोषाची नोंद करतो आणि चालकासमोरचा पिवळा दिवा लावतो.

येथे एक गोष्ट मनावर ठसली पाहिजे. सॉलेनॉइडला वीज लागते, पण कॅमदंड फिरविण्याचे खरे काम तेल करते. दांडी आणि नळी यांमधील फट केसाच्या जाडीहूनही कमी असते. तेलातील काजळी किंवा धातूचा कण तेथे अडकला की वीज नीट असूनही दांडी हलत नाही.

४. लक्षणे आणि त्यांचा अर्थ

चोषण कॅमदंड पुढच्या स्थितीत अडकून राहिला, तर गाडी उभी असता एंजिन थडथडते व कधी बंदही पडते. तो मागच्या स्थितीत अडकला, तर एंजिन सुरळीत चालते. मात्र जोर कमी वाटतो व इंधन अधिक लागते. वीजच न मिळाल्यास बहुतेक यंत्रणा स्प्रिंगच्या साहाय्याने मूळ स्थितीत येतात, आणि एक लहान खुंटी कॅमदंडाला तेथे अडवून धरते. अशा वेळी नवे एंजिन जोंगाच्या एंजिनासारखे एकाच ठरावीक वेळेने चालू लागते. गाडी घरापर्यंत पोचते, हा या रचनेचा शहाणपणा होय.

नियंत्रकात नोंदलेला दोषांक वाचक यंत्राने पाहता येतो. पी-००१० हा अंक चोषण कॅमदंडाच्या सॉलेनॉइडच्या विद्युत् मंडलातील दोष दाखवितो. पी-००११ म्हणजे तो कॅमदंड असावा त्याहून पुढे आहे. पी-००१२ म्हणजे तो मागे आहे. पी-००१३, पी-००१४ व पी-००१५ हे अंक त्याच क्रमाने निष्कास कॅमदंडाविषयी बोलतात. पी-००१६ म्हणजे भुजादंड व कॅमदंड यांच्या संवेदकांचा मेळ बसत नाही.

पी-००११ या अंकात सॉलेनॉइडचे नावही नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. तो केवळ एवढेच सांगतो की कॅमदंड योग्य जागी नाही. ताप हे रोगाचे लक्षण असते, रोगाचे नाव नव्हे. तसाच हा अंक समजावा.

५. परीक्षेचा क्रम

सोप्या व स्वस्त गोष्टीपासून आरंभ करावा.

पहिली परीक्षा तेलाची. पातळी मोजपट्टीवरील दोन खुणांमध्ये आहे काय, तेल शेवटी केव्हा बदलले, आणि गाडीच्या पुस्तकात सांगितलेलेच तेल घातले आहे काय, हे पाहावे. डब्यावरील '५ डब्ल्यू-३०' यासारख्या खुणेतील पहिला अंक थंडीतील वाहकता दाखवितो व दुसरा अंक एंजिन तापल्यावरची श्यानता, म्हणजे दाटपणा. जुन्या काळी उन्हाळ्यासाठी दाट तेल वापरण्याची रीत होती. जबलपुरात मे महिन्यात पारा चाळीस अंशांवर जातो, म्हणून ती सवय आजही मोह घालते. पण नव्या एंजिनाच्या बारीक वाटांमधून फार दाट तेल वेळेवर पोचत नाही. रांझीहून सदर बाजारापर्यंतच्या लहान फेऱ्याच ज्या गाडीच्या वाट्याला येतात, तिचे तेल पुरेसे तापत नाही. त्यातील पाणी व पेट्रोलचा अंश उडून जात नाही, आणि गाळ लवकर साचतो. अशा गाडीचे तेल किलोमीटरांच्या हिशेबाची वाट न पाहता मुदतीनुसार बदलावे.

दुसरी परीक्षा जोडणीची. प्लगच्या पिना गंजल्या आहेत काय, तेल आत शिरले आहे काय, तार कोठे उंदराने कुरतडली आहे काय, हे पाहावे.

तिसरी परीक्षा वेटोळ्याच्या रोधाची. प्लग काढून सॉलेनॉइडच्या दोन पिनांमधील रोध मोजावा. तो अनंत असेल तर तार तुटली आहे. शून्याजवळ असेल तर वेटोळे आतून चिकटले आहे. येथे तापमानाचा विचार अवश्य करावा. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०·३९ टक्के वाढतो. समजा, २० अंशांवर वेटोळ्याचा रोध ८·० ओहम आहे. मे महिन्यात ४२ अंशांच्या दुपारी तोच ८ × (१ + ०·००३९ × २२) = ८·७ ओहम भरेल, आणि ९० अंशांपर्यंत तापलेल्या एंजिनावर तो १०·२ ओहम होईल. पुस्तकातील मर्यादा २० अंशांसाठी ७·५ ते ८·५ अशी दिली असेल, तर हा हिशेब न करणारा कारागीर निर्दोष वेटोळे टाकून देईल.

चौथी परीक्षा हालचालीची. सॉलेनॉइड बाहेर काढून त्याला बारा व्होल्टच्या बॅटरीचा क्षणभर स्पर्श द्यावा. टक् असा आवाज येऊन दांडी पुरती सरकली पाहिजे व प्रवाह तोडताच परतली पाहिजे. ८ ओहमच्या वेटोळ्यातून बारा व्होल्टला दीड अँपिअर प्रवाह वाहतो. तो फार वेळ ठेवल्यास वेटोळे तापून जळेल. म्हणून स्पर्श सेकंदाहून अधिक नसावा.

पाचवी परीक्षा अदलाबदलीची. काही एंजिनांत चोषण व निष्कास या दोन्ही कॅमदंडांस सारख्याच क्रमांकाची सॉलेनॉइडे असतात. तेथे दोन्हींची जागा बदलावी, दोषांक पुसावा आणि गाडी चालवून पाहावी. पूर्वीचा पी-००११ जाऊन आता निष्कास कॅमदंडाविषयीचा अंक आला, तर दोष सॉलेनॉइडबरोबर गेला. तेच अपराधी ठरते. पी-००११ तेथेच राहिला, तर सॉलेनॉइड निर्दोष आहे. प्रयोगशाळेत वापरतात तीच ही रीत होय : एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकी सर्व तशीच ठेवावी, आणि फळ पाहावे. याच वेळी तेल, प्लग व सॉलेनॉइड ही तिन्ही बदलली, तर गाडी सुधारली तरी कशाने सुधारली हे कधीच कळणार नाही. जेथे एकच सॉलेनॉइड असते, तेथे चालू स्थितीतील तशाच दुसऱ्या सॉलेनॉइडने हा प्रयोग करावा.

या सर्व परीक्षांतून सॉलेनॉइड निर्दोष ठरले, तर तेलाचा दाब, पात्यांची पेटी व साखळी यांकडे वळावे. पी-००१६ हा अंकही सोबत असेल, तर साखळी झिजून लांबल्याचा संशय घ्यावा. अशी साखळी दंतचक्रावरून घसरली, तर पुष्कळ एंजिनांत दट्ट्या उघड्या झडपांवर आदळतो व एंजिनाचा माथा निकामी होतो. अशा गाडीत नवे सॉलेनॉइड बसवून मालकास निरोप देणे म्हणजे धोक्याचा इशारा ऐकूनही कान झाकून घेणे होय.

६. बदलण्याची रीत

सॉलेनॉइडच सदोष आहे अशी खात्री झाल्यावर पुढील क्रमाने काम करावे. विद्यार्थ्यांनी ते जाणकाराच्या देखरेखीखालीच करावे.

एंजिन पूर्ण निवू द्यावे; तापलेले तेल त्वचा भाजते. बॅटरीची ऋण तार सोडावी. सॉलेनॉइडच्या भोवतालची धूळ व चिकटा प्रथम पुसून काढावा, कारण भोक उघडे पडताच ही धूळ सरळ तेलाच्या वाटेत पडते. खटका दाबून प्लग काढावा. तारेला ओढू नये. नंतर बोल्ट सोडवून सॉलेनॉइड हळूहळू डावीउजवीकडे फिरवीत सरळ वर ओढावे. स्क्रूड्रायव्हरने उचकटल्यास ॲल्युमिनियमच्या माथ्यावर चरे पडतात व तेथून तेल गळते.

बाहेर आलेल्या सॉलेनॉइडवरील रबरी कडी मोजावी. एखादी भोकातच राहिली असेल तर ती काढावी. बारीक जाळी असल्यास ती तपासावी. जाळीवर चमकणारे धातूचे कण आढळले, तर येथेच थांबावे. एंजिनात दुसरीकडे झीज होत आहे, असा त्याचा अर्थ आहे. काळा गाळ आढळला, तर तेल व तेलाची गाळणी बदलल्याखेरीज नवा भाग बसवू नये.

नव्या सॉलेनॉइडचा क्रमांक जुन्याशी पडताळावा. त्याच्या रबरी कड्याला एंजिनाचे ताजे तेल लावावे. कोरडे कडे आत जाताना फाटते. सॉलेनॉइड हाताने सरळ दाबून पुरते बसवावे. बोल्टने ओढून बसविण्याचा प्रयत्न करू नये.

बोल्ट आवळताना पुस्तकातील मूल्य पाळावे व टॉर्क पाना वापरावा. समजा, १० न्यूटन-मीटर एवढे परिबल सांगितले आहे. १० सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर त्यासाठी १०० न्यूटन, म्हणजे सुमारे १० किलोग्रॅम भाराएवढा जोर लागतो. पाना २५ सेंटिमीटरचा असेल, तर ४० न्यूटनच पुरतात. लांब पान्यावर सवयीने जोर देणारा हात ॲल्युमिनियमचे आटे क्षणात ओरबाडून टाकतो.

प्लग खटका वाजेपर्यंत बसवावा, बॅटरी जोडावी आणि एंजिन चालू करावे. भोवती तेल झिरपत नाही हे पाहावे. मग दोषांक पुसून एंजिन पुरते तापेपर्यंत गाडी चालवावी. जबलपूरहून भेडाघाटापर्यंतचे सुमारे वीस किलोमीटरांचे अंतर अशा परीक्षेस योग्य आहे. त्यात मंद, मध्यम व वेगाची अशी सर्व चाल येते. परतल्यावर दोषांक पुन्हा वाचावा. तो नसेल, तरच काम पुरे झाले असे समजावे.

७. समारोप

जोंगाच्या एंजिनात झडपांची वेळ पोलादी दातांनी ठरविली होती. आजच्या एंजिनात ती तेल, वीज आणि गणित यांच्या संगनमताने क्षणोक्षणी ठरते. कारागिराचे हात तेच आहेत, पाना तोच आहे. परंतु हाताच्या आधी आता अनुमान चालले पाहिजे. भाग बदलणे सोपे आहे. तो का बदलला, हे मालकाला पुराव्यासह सांगता येणे ही खरी विद्या होय, आणि ती आत्मसात करण्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. एक रोधमापक, स्वच्छ चिंधी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा संयम एवढ्यावर तिचा आरंभ होऊ शकतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. एंजिन मिनिटाला २,००० फेरे करीत असता एका धावेस किती वेळ मिळतो ? त्या वेळी कॅमदंड मिनिटाला किती फेरे करील ?

२. एका वेटोळ्याचा रोध २० अंश सेल्सिअसला ७·० ओहम आहे. डिसेंबरातील १० अंशांच्या सकाळी तो किती भरेल ?

३. सॉलेनॉइडांची अदलाबदल केल्यावर दोषांक बदलला नाही. यावरून कोणता निष्कर्ष निघतो, आणि पुढे काय तपासावे ?

४. तेल व सॉलेनॉइड ही दोन्ही एकाच वेळी बदलल्याने कोणते ज्ञान आपल्या हातून निसटते, ते आपल्या शब्दांत लिहा.